बोरोबुदूरची भिंत वाचताना : गती, स्वर्ग आणि पुनर्जन्म

इंडोनेशियाच्या जावा बेटावरचं बोरोबुदूर हे प्राचीन बौद्ध स्तूप-मंदिर योग्याकार्ता शहराच्या वायव्येला साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. बहुतेक सहली पहाटे शहरातून निघतात, वर चढून फोटो काढतात आणि जेवायला परत जातात. पण बौद्ध विश्वरचनेतल्या गती (मेल्यावर ज्यात पुन्हा जन्म मिळतो ते प्रकार), नरक, स्वर्ग आणि पुन्हा खाली येणं हे सगळं दगडात वाचायचं असेल, तर मुक्काम बोरोबुदूर गावातच करावा. देवळापासून चालत जाता येईल अशी साधी घरगुती लॉज गल्लोगल्ली आहेत आणि सायकल भाड्याने मिळते.

ऋतू कोरडा निवडावा, मे ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते मार्च पाऊस जोरात असतो. ओल्या अँडेसाइट दगडावर पाय घसरतो आणि गॅलऱ्यांमध्ये, म्हणजे शिल्पांच्या भिंतींमधल्या फिरण्याच्या वाटांमध्ये, पाणी साचतं.

पहिला दिवस : मेंदुत आणि पावोन

सुरुवात मुख्य स्तूपापासून न करता तीन किलोमीटर अलीकडच्या मेंदुत मंदिरापासून केली. मेंदुत, पावोन आणि बोरोबुदूर जवळपास एका सरळ रेषेत आहेत. वैशाखी पौर्णिमेची मिरवणूकही मेंदुतहून निघते आणि पावोनवरून बोरोबुदूरला पोहोचते.

मेंदुतच्या गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेली, धर्मचक्र मुद्रेतली सुमारे तीन मीटर उंच बुद्धमूर्ती आहे. एका बाजूला अवलोकितेश्वर, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी, हे दोन बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचे. बहुतेक माणसं थेट आत शिरतात आणि प्रवेशमार्गातल्या दोन्ही भिंती हुकतात. एकीकडे यक्ष आहे. समोर हारीती बसलेली आहे, मांडीवर मूल, आजूबाजूला मुलंच मुलं, काही झाडावर चढलेली. पाचशे मुलांची आई असलेली ही यक्षिणी राजगृहातली मुलं पळवून खायची. बुद्धांनी तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं, तेव्हा एका मुलाचा विरह काय असतो ते तिला कळलं. पुढे ती मुलांची राखण करणारी झाली आणि विहारात रोज तिच्यासाठी घास काढून ठेवू लागले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तिचं स्वतंत्र उपगर्भगृह आहे. ते पाहिलेल्या माणसाला मेंदुतमध्ये ती लगेच ओळखू येते.

हारीतीपाशी आधी थांबावं, कारण या विश्वरचनेचा पाया तिथे समजतो. यक्ष, प्रेत, असुर, देव या कायमच्या जाती नाहीत. जन्म कर्माने मिळतो, कर्म संपलं की तो संपतो, आणि आहे त्या जन्मातही मन वळू शकतं.

गतींची यादी इथेच पक्की करून घ्यावी, म्हणजे पुढे भिंतींवर गोंधळ होत नाही. नरक, प्रेत, तिर्यक म्हणजे पशुपक्षी, मनुष्य आणि देव या पाच गती. असुरांना वेगळं धरलं की सहा. सर्वास्तिवाद या जुन्या बौद्ध पंथात पाचच मोजतात, तिबेटी भवचक्रात (जन्ममरणाच्या चक्राच्या चित्रात) बहुधा सहा दिसतात. पाली ग्रंथ मानणाऱ्या थेरवादी पंथाच्या मांडणीत हेच विश्व एकतीस भूमींचं आहे : चार दुर्गती, एक मनुष्यलोक आणि सहा देवलोक मिळून कामधातूच्या (इंद्रियांच्या इच्छांचं जग) अकरा, त्यावर रूपधातूच्या (इच्छा गेल्या, रूप उरलं) सोळा, त्यावर अरूपधातूच्या (रूपही नाही) चार. हा अकरा-सोळा-चारचा हिशेब ध्यानात ठेवा, वर गेल्यावर तो लागणार आहे.

मेंदुतच्या जिन्याच्या कठड्यावर पशुकथा कोरल्या आहेत. हंसांनी काठीला धरून उडवत नेलेलं, तोंड उघडल्यामुळे खाली पडलेलं बडबडं कासव तिथे आहे. ही गोष्ट शाळेपासून माहीत असते, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर सुरुवात इथून करावी.

पावोन लहान आहे, अर्ध्या तासात होतं. बाहेरच्या भिंतीवर कल्पवृक्ष आहे, दोन्ही बाजूंना किन्नर, बुंध्याशी धनाचे घडे. हे चित्र नीट पाहून ठेवा. उद्या बोरोबुदूरच्या पायथ्याशी स्वर्ग म्हणून वारंवार हेच समोर येतं.

जेवणाला गुदेग. कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवतात, सागाच्या पानांमुळे त्याला तांबूस तपकिरी रंग चढतो. आपल्या फणसाच्या भाजीपेक्षा खूपच गोड. शाकाहारी माणसांनी एक गोष्ट सांभाळायची : सोबत वाढतात ते लालसर तिखट 'क्रेचेक' गुराच्या कातड्याचं असतं. मागवतानाच 'तान्पा क्रेचेक, तान्पा दागिंग' म्हणावं, म्हणजे क्रेचेक नको, मांस नको. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे मिळतात. खानावळ चालवणाऱ्या आजींनी क्रेचेकऐवजी टेंपेचे दोन जास्तीचे तुकडे वाढले आणि त्याचे पैसे धरले नाहीत.

दुसरा दिवस : झाकलेला पाया

बोरोबुदूरची तिकिटं दोन प्रकारची आहेत, फक्त आवाराचं आणि वर चढण्याचं. आज आवाराचंच घेतलं. वर न जाता पायथा पाहण्यात दिवस घालवायचा, असं ऐकल्यावर तिकीट खिडकीवरच्या मुलीने दोनदा विचारून खात्री केली.

नवव्या शतकाच्या आसपास शैलेंद्र राजवटीत ही वास्तू पूर्ण झाली. तिच्या मूळ पायाभोवती १६० शिल्पपट कोरलेले आहेत, आणि ते कोरणं चालू असतानाच त्यावर दगडांचा रुंद थर चढवून सगळा पाया झाकला गेला. काही पट अर्धवट राहिलेत, त्यावरून ही घाई कळते. भार पेलेना आणि पाया सरकू लागला म्हणून आधार दिला, हे कारण जास्त पटतं. नरकाची दृश्यं यात्रेकरूंना दिसू नयेत म्हणून झाकली, असंही म्हणतात. पण याच भिंतीवर स्वर्गाची दृश्यंही भरपूर आहेत, आणि लपवायचंच होतं तर शिल्पकाराला इतकं कोरू कशाला दिलं असतं?

१८८५ मध्ये आइझरमन या डच अभियंत्याला हा पाया सापडला. १८९० आणि १८९१ मध्ये बाहेरचे दगड टप्प्याटप्प्याने काढून, प्रत्येक पटाचं छायाचित्र घेऊन ते पुन्हा जागेवर बसवले. छायाचित्रं कासियान सेफास या जावानी छायाचित्रकाराने काढली. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्याच्या काळात आग्नेय कोपरा पुन्हा उघडला गेला आणि तेवढाच आज प्रत्यक्ष दिसतो.

हा कोपरा सकाळी लवकर पाहावा. पूर्वेचा तिरपा उजेड असतो तोवर चेहरे उठून दिसतात. दहानंतर ऊन वर आलं की सगळं सपाट होतं.

इथे जवळ जाऊन एक गोष्ट पाहायची. एका पटाच्या वरच्या कडेला कावी या जुन्या जावानी लिपीत छोटीशी खूण खोदली आहे : 'विरूप'. खाली बसकी नाकं, फुगलेले गाल, वेडीवाकडी तोंडं. भाषा संस्कृत, त्यामुळे कोणी लिपी वाचून दाखवली की मराठी माणसाला पुढचं समजावावं लागत नाही. हे शब्द भाविकांसाठी नव्हते. कोणत्या पटात काय कोरायचं, हे कारागिराला सांगणाऱ्या त्या सूचना होत्या आणि काम पूर्ण झाल्यावर त्या तासून टाकायच्या होत्या. पाया आधीच झाकला गेला म्हणून राहिल्या. इतर पटांवर 'स्वर्ग', 'महेशाख्य' (प्रभावशाली), 'घण्टा', 'पताका', 'छत्रदान' असे शब्द सापडले आहेत.

आवारातल्या कर्मविभंग संग्रहालयात झाकलेल्या पटांची छायाचित्रं लावलेली आहेत. तिथे निदान दोन तास द्यावेत. या शिल्पांचा आधार 'महाकर्मविभंग' हा ग्रंथ आहे, हे सिल्व्हां लेव्ही या फ्रेंच अभ्यासकाने दाखवून दिलं. ग्रंथात शुक नावाचा तरुण बुद्धांना विचारतो : माणसं अशी उणीअधिक का? एक अल्पायुषी, एक दीर्घायुषी. एक रोगी, एक निरोगी. एक विरूप, एक सुंदर. एक गरीब, एक श्रीमंत. उत्तर एकेका कर्माचं फळ सांगत जातं. पालीत हाच संवाद मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या १३५व्या सुत्तात आहे, तिथे तरुणाचं नाव सुभ.

पट वाचायची रीत अशी. पहिल्या ११७ पटांत वेगवेगळ्या कृती एकाच फळाकडे नेतात. उरलेल्या ४३ पटांत एका कृतीची अनेक फळं आहेत : छत्र दिलं, घंटा दिली, वस्त्र दिलं, तर काय काय मिळतं. बऱ्याच पटांत मध्ये झाड किंवा खांब असतो, एका अंगाला कृती आणि दुसऱ्या अंगाला परिणाम. सगळ्यात ठसठशीत पटात एका बाजूला माणसं कढईत मासे आणि कासवं उकळताहेत आणि दुसऱ्या बाजूला नरकाच्या कढईत माणसं. कढई दोन्हीकडे सारखीच आहे. नरक म्हणजे केल्या कर्माचीच उलटून आलेली बाजू, हे शिल्पकाराने एकही शब्द न वापरता सांगितलं आहे.

ग्रंथांत उष्ण नरक आठ : संजीव, कालसूत्र, संघात, रौरव, महारौरव, तपन, प्रतापन, अवीची. संजीवात जीव एकमेकांना मारतात आणि पुन्हा जिवंत होऊन पुन्हा मारतात. तिथलं आयुष्य कल्पनेच्या पलीकडचं लांब, पण त्याला शेवट आहे. बौद्ध नरक कायमचा नाही, आणि तिथे पाठवणारा न्यायाधीशही कोणी नाही. ही दोन वाक्यं लक्षात ठेवली तर दुसऱ्या धर्मांतल्या नरकाची कल्पना इथे मिसळत नाही.

स्वर्गाच्या पटांत कालचा कल्पवृक्ष आणि किन्नर परत भेटतात. या सुखाचा शेवट ग्रंथांत बारकाईने लिहिला आहे. देवाचा मृत्यू जवळ आला की पाच खुणा दिसतात : गळ्यातल्या माळा कोमेजतात, वस्त्रं मळतात, काखेत घाम येतो, अंगाला दुर्गंधी येते आणि स्वतःच्या आसनावर बसवत नाही.

दुपारी ऐन कोरड्या दिवसांत अचानक सर आली. ती थांबल्यावर कोपऱ्यावरचे दगड काळे पडले आणि सकाळी न दिसलेल्या कितीतरी रेषा दिसू लागल्या. संध्याकाळी वेदांग उवुह प्यायलो, आलं, लवंगेची पानं आणि पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा लाल काढा. पावसानंतर याहून चांगलं काही नाही.

तिसरा दिवस : पहिली गॅलरी

आज चढण्याचं तिकीट. दिवसाला १२०० माणसांचीच मर्यादा आहे, वेळ ठरवून मिळते, सोबत स्थानिक गाईड सक्तीचा असतो आणि पायात त्यांनीच दिलेली 'उपानत' नावाची विणलेली चप्पल घालावी लागते. सुट्टीच्या दिवसांत तिकिटं आधीच संपतात, म्हणून ऑनलाइन काढून ठेवावीत आणि सोमवार टाळावा. वर साधारण तासभरच मिळतो. गाईड भेटल्याबरोबर सांगावं की शिखराची घाई नाही, पहिली गॅलरी सावकाश दाखवा. आमचे गाईड जवळच्याच गावातले, मुसलमान, आणि जातककथा नावानिशी सांगणारे. 'रोज तेच तेच फोटो काढून देतो, आज वाचायला मिळेल' असं म्हणून ते पुढे झाले.

पूर्वेच्या जिन्याने चढून डावीकडे वळायचं, म्हणजे वास्तू उजव्या हाताला राहते आणि प्रदक्षिणा नीट होते. उलट्या दिशेने गेलं तर सगळ्या कथा शेवटाकडून सुरू होतात. आतल्या भिंतीवर दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत ललितविस्तर या बुद्धचरित्राचे १२० पट, खालच्या ओळीत जातक (बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथा) आणि अवदानांचे (कर्मफळाच्या कथा) तितकेच.

तुषित : वरच्या ओळीचे पहिलेच पट. पुढे बुद्ध होणारे बोधिसत्त्व तुषित स्वर्गात देवांना धर्म सांगत बसले आहेत. शेवटच्या जन्मासाठी खाली उतरण्याआधी ते आपला मुकुट पुढचा बुद्ध होणाऱ्या मैत्रेयाच्या डोक्यावर ठेवतात. तुषितातला एक दिवस म्हणजे माणसांची ४०० वर्षं, आणि तिथलं आयुष्य अशा दिवसांची ४००० वर्षं. माणसांच्या मोजणीने ५७ कोटी ६० लाख वर्षं. एवढं आयुष्य असलेल्या जागेवरून बोधिसत्त्व मुद्दाम मनुष्यजन्म घेतात, कारण बुद्धत्व तिथे मिळत नाही. देवांना सुखापुढे सुचत नाही, नरकात दुःखापुढे. माणसाच्या वाट्याला दोन्ही थोडं थोडं आहे, म्हणून वाट इथून निघते.

मांधाता : दक्षिणेचा जिना ओलांडला की खालच्या ओळीत. या राजाच्या महालात सात दिवस सोन्याचा पाऊस पडला. चारही द्वीपं जिंकून तो मेरूवरच्या त्रायस्त्रिंश स्वर्गात गेला आणि शक्राने, म्हणजे इंद्राने, त्याला अर्धं आसन दिलं. तिथे एकामागून एक छत्तीस शक्र होऊन गेले तरी तो होताच. मग मनात आलं, उरलेलं अर्धं आसनही आपलंच का नसावं? त्याच क्षणी तो जंबुद्वीपात, म्हणजे माणसांच्या जगात, येऊन आदळला आणि थोड्याच वेळात मेला. आमच्या मते संपूर्ण बोरोबुदूरमध्ये पुनर्जन्माबद्दल सगळ्यात नेमकं बोलणारी कथा हीच. त्याला कोणी ढकललं नाही. तृष्णेने त्याच्या पुण्याचा आधार काढून घेतला.

मैत्रकन्यक : उत्तरेच्या जिन्यानंतर, फेरी पूर्ण होण्याच्या थोडं आधी. हा व्यापाऱ्याचा मुलगा. कमाईचे ४, मग ८, मग १६, मग ३२ कार्षापण (जुनी नाणी) त्याने आईच्या हातात दिले. समुद्रावर जाऊ नको म्हणून ती पाया पडली तेव्हा तिच्या डोक्याला लाथ मारून तो निघाला. गलबत फुटलं. भटकताना त्याला एकेका नगरात ४, ८, १६ आणि ३२ अप्सरा भेटल्या. मग लोखंडी नगर आलं. तिथे एका माणसाच्या डोक्यावर पेटतं चक्र फिरत होतं, ते उडून याच्या डोक्यावर बसलं. दिलेल्या पैशांचं फळ मोजून मिळालं आणि लाथेचंही मिळालं. एकाने दुसरं पुसलं गेलं नाही. मग तो म्हणाला, हे दुःख माझ्याच डोक्यावर राहो, दुसऱ्या कोणावर येऊ नये. चक्र उचललं गेलं आणि मरून तो तुषितात जन्मला.

इथे वेळ संपतो. पर्यटक बहुतेक वेळा तिसऱ्या बाजूपर्यंत दमतात आणि जिना दिसला की वर निघून जातात, त्यामुळे मैत्रकन्यक हमखास राहतो. गाईडला आधीच सांगून ठेवा.

चौथा दिवस : वरच्या गॅलऱ्या आणि वर्तुळं

दुसरं चढण्याचं तिकीट, सकाळच्या पहिल्या वेळेचं. दुसऱ्या ते चौथ्या गॅलरीत मुख्यतः गंडव्यूह या महायान ग्रंथाची कथा आहे, ४६० पट. सुधन नावाचा तरुण एकामागून एक कल्याणमित्रांना, म्हणजे वाट दाखवणाऱ्या गुरूंना, भेटत जातो. एका तासात ते वाचून होत नाही. प्रत्येक गॅलरीचे दोनचार पट निवडावेत आणि वर निघावं.

वर तीन वर्तुळाकार चौथऱ्यांवर ३२, २४ आणि १६ असे ७२ जाळीदार स्तूप. खालच्या दोन वर्तुळांत जाळीची छिद्रं शंकरपाळ्यासारखी, सगळ्यात वरच्या वर्तुळात चौकोनी. आत धर्मचक्र मुद्रेतले बुद्ध. मधला मोठा स्तूप बंद.

इथे गाईड ठरलेलं वाक्य सांगतात : झाकलेला पाया कामधातू, चौकोनी गॅलऱ्या रूपधातू, वर्तुळं अरूपधातू. माहितीफलकांवरही हेच असतं. ही विभागणी विसाव्या शतकातल्या अभ्यासकांची आहे, वास्तूवर असं कुठेही कोरलेलं नाही. पायथ्यापुरती ती चपखल बसते. पण पहिल्या गॅलरीत काल पाहिलेले तुषित आणि त्रायस्त्रिंश हे दोन्ही कामधातूतले देवलोक आहेत. मांधात्याची हाव आणि मैत्रकन्यकाची लाथ तर सरळ कामधातूच. रूपधातू म्हणजे ध्यानातून मिळणाऱ्या ब्रह्मलोकांच्या सोळा भूमी, तिथे इंद्रियांची भूक उरत नाही. आणि अरूपधातूत रूपच नाही, मग बहात्तर मूर्ती कशा? शिवाय अरूपधातूही संसारातच आहे, तिथलं आयुष्य संपलं की पुन्हा जन्म आहेच. शिखराचा अर्थ अरूपधातू धरला तर ही सगळी वाट चक्राच्या आतच थांबते, आणि ज्यांनी हे बांधलं त्यांच्या मनात तेवढंच असेल असं आम्हाला वाटत नाही. गाईडशी यावर बराच वेळ बोलणं झालं. मांधात्याचा मुद्दा त्यांना पटला. फलकावरचं वाक्य सोपं पडतं म्हणून सांगतो, पण पुढच्या गटाला आधी मांधाता दाखवीन, असं ते म्हणाले.

ज्यांना एकच दिवस मिळणार आहे त्यांच्यासाठी क्रम असा : सकाळी आग्नेय कोपरा, मग चढून पहिल्या गॅलरीची पूर्ण फेरी, वरची वर्तुळं शेवटच्या दहा मिनिटांत, आणि उतरल्यावर कर्मविभंग संग्रहालय. पाणी सोबत न्या, टोपी न्या, दगडाला हात लावू नका. जाण्याआधी जमलं तर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याची ओसरी पाहून घ्या. तिथे डावीकडे भवचक्राचे अवशेष आहेत. असं चक्र विहाराच्या दारावर रंगवावं, ही सूचना दिव्यावदान या संस्कृत कथासंग्रहात आहे. मध्यभागी राग, द्वेष आणि मोहासाठी पारवा, साप आणि डुक्कर काढावेत असं तो ग्रंथ सांगतो. तिबेटी चित्रांत पारव्याच्या जागी कोंबडा येतो. अजिंठ्याचं चित्र बरंच झडलं आहे, त्यामुळे घरून आकृती छापून नेली तर कोणता कप्पा कुठे होता ते तिथे उभं राहून जुळवता येतं.